कोयना नावाचा वर्ग

मिलिंद थोरवडे या माणसाला मी सहा वर्षं जवळजवळ रोज पाहिलं. तरी त्याच्याविषयी मला काय माहीत आहे असं कोणी विचारलं, तर पाऊण पानात सगळं संपेल. त्याचं घर मी पाहिलं नाही. त्याला भावंडं किती होती हे त्याच्या पश्चात कळलं, तेही ऐकीव. त्याला कशाची भीती वाटायची, तो कधी चिडायचा का, लग्नाचं काय ठरलं होतं, यातलं एकही मी ठामपणे सांगू शकत नाही. आमच्यात कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायला जेवढी जवळीक लागते तेवढीही नव्हती.

आता कॉलेजच्या स्मरणिकेसाठी आठवणी मागवल्या आहेत. संस्थापकांवर, प्राचार्यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मिलिंदवर कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो आहे. मला लिहिण्याची सवय नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांच्या पाठीवर आकड्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या, तेवढाच माझा पुस्तकांशी संबंध. छापण्याजोगं वाटलं नाही तर संपादकांनी खुशाल बाजूला ठेवावं.

सांगलीहून पलूसकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात मी सहायक ग्रंथपाल होतो. घर साताऱ्याला. आठवडाभर सांगलीत खोली घेऊन राहायचो आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं घरी जायचो. मिलिंद त्र्याण्णव साली संगणक प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून लागला. शिक्षण पदविकेपर्यंत, मूळचा कोयनानगरचा. नेमणूक तात्पुरती. अकरा महिन्यांचा आदेश, मग एक महिना घरी, मग पुन्हा अकरा महिन्यांचा आदेश. अशी माणसं आमच्याकडे बरीच होती. त्या रिकाम्या महिन्यात ती काय करतात हे आम्ही कायम नोकरीतली माणसं विचारत नसू.

पहिल्या आठवड्यात तो ग्रंथालयाचं कार्ड काढायला आला. अर्जात प्रवर्गाचा रकाना होता, कारण वर्षाअखेरीस कार्यालयाला तक्ता द्यावा लागे. त्यानं त्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘बौद्ध’ लिहिलं. माझ्या तक्त्यात असा रकाना नव्हता. मी लाल शाईची लेखणी उचलली, त्याचा शब्द खोडला आणि वर ‘अ.जा.’ लिहिलं. तो समोर उभा होता.

“काका,” तो म्हणाला, “मी लिहिलेलं राहू दिलं असतं आणि शेजारी तुमचं लिहिलं असतं, तर चाललं नसतं का?”

“तक्त्यात बसत नाही रे,” मी म्हणालो.

“बरं,” म्हणून तो कार्ड घेऊन गेला. आवाजात राग नव्हता. मी मात्र त्या दिवशी घरमालकांच्या नळावर हात धुताना बोटाला लागलेली लाल शाई बराच वेळ घासत होतो. मुद्दाम केलं नव्हतं. न विचारता केलं होतं. नंतर मी त्याबद्दल त्याच्याशी कधी बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण अशा गोष्टी कशा सुरू करायच्या हे मला आजही येत नाही.

सत्त्याण्णव साली कॉलेजात इंटरनेट आलं. इंटरनेट म्हणजे एक संगणक, एक मोडेम आणि एक टेलिफोन. तो टेलिफोन ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत होता म्हणून बाकी सगळं तिथेच बसवलं, आणि किल्ली माझ्याकडे आली. फोन पुण्याला लावावा लागे. पहाटे सहापर्यंत पाव दर असायचा, म्हणून प्राचार्यांनी नियम केला की दिवसातून एकदाच, साडेपाच ते सहा एवढाच वेळ फोन जोडायचा. मला पहाटे जाग येतेच, त्यामुळे कुलूप उघडायला मी आणि काम करायला मिलिंद, असं आपोआप ठरलं. मोडेम शिट्ट्या मारत पुण्याला हाका घालायचा आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसायचो. नोंदवही लिहायची म्हणून मला थोडंफार शिकावंच लागलं. टपाल कसं उतरवायचं, फाइल कशी पाठवायची, एवढं मला मिलिंदनं शिकवलं. मी चुकलो की तो “पुन्हा एकदा करू,” म्हणायचा. “तुम्ही पुन्हा करा,” असं कधी म्हणाला नाही.

त्याच दिवसांत त्यानं स्वतःच्या प्रोग्रॅमविषयी सांगितलं. त्याचे वडील कोयना प्रकल्पावर चतुर्थ श्रेणीत होते. सदुसष्टच्या मोठ्या भूकंपानंतर लोकांना पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं, तिथेच मिलिंदचा जन्म. तेव्हापासून वडील जाणवलेला प्रत्येक धक्का वहीत लिहीत. उपकरण काही नव्हतंच. ‘भांडी वाजली’, ‘कडी हलली’, ‘म्हैस उठून उभी राहिली’, ‘पोरं जागी झाली नाहीत’, अशा नोंदी, सोबत तारीख आणि वेळ. मरेपर्यंत त्यांनी पंचवीस वर्षं लिहिलं. मिलिंदनं त्या वह्या संगणकात भरल्या आणि एक प्रोग्रॅम लिहिला. माणसानं साध्या शब्दांत लिहिलेल्या नोंदींवरून धक्क्याची पायरी ठरवायची, धरणातल्या पाण्याच्या पातळीशेजारी ती मांडायची आणि महिन्यांचा आलेख काढायचा. जगात कुठेही, जिथे यंत्र नाही पण लिहिणारा माणूस आहे, तिथे तो वापरता येईल असं तो म्हणायचा. मला आलेख फारसा कळला नाही. ‘म्हैस उठून उभी राहिली’ याला पायरी चार, एवढं लक्षात राहिलं.

आमचा शिपाई गुंडा त्याला चिडवायचा. “आरं गड्या, म्हशीला सायन्स शिकीवलंस तू! आता गाढवाचं बी घे की मनावर.”

“गाढवाचा डेटा नाही मिळाला, गुंडाभाऊ,” मिलिंद म्हणायचा. “तुम्ही लिहून द्या.”

“मजी मी गाढव व्हय रं?” आणि दोघं हसायचे.

परदेशात एका विद्यापीठाच्या संगणकावर प्रोग्रॅमचं मोठं भांडार होतं. कोणीही आपला प्रोग्रॅम तिथे ठेवायचा आणि कोणीही तो उतरवून घ्यायचा. प्रोग्रॅमसोबत एक माहितीचं पान जोडावं लागे. त्यावर नाव, कर्ता, आवृत्ती आणि वर्ग लिहायचा. वर्गांची यादी ठरलेली, साठएक नावं असतील. ती यादी मिलिंदनं छापून भिंतीला लावली होती. मला ती आपल्या ग्रंथालयाच्या वर्गीकरणासारखी वाटली आणि मी कौतुकानं वाचली. भूशास्त्र होतं, गणित होतं, खेळ होते, शेवटी ‘संकीर्ण’ होतं. जगात कुठेही गेलं तरी शेवटी संकीर्ण असतंच.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात कॉलेजात प्रोग्रॅमरचं एक कायम पद निघालं. पदवी हवी, किंवा ‘त्या तोडीचं प्रसिद्ध झालेलं काम’. मिलिंदकडे पदवी नव्हती. निवड समितीत पुण्याचे एक प्राध्यापक येणार होते. पूर्वी एकदा ते कॉलेजात आले असताना मिलिंदनं त्यांना प्रोग्रॅम दाखवला होता. आता त्यानं त्यांना पत्र लिहून विचारलं. उत्तर आलं, की काम त्या भांडारात तुमच्या नावानं स्वीकारलं गेल्याचा छापील कागद असेल, तर आपण ते प्रसिद्ध काम म्हणून समितीपुढे ठेवू. म्हणजे सगळं त्या एका कागदावर आलं. सहाव्यांदा एक महिना घरी बसायचं की नाही, हे त्यावर ठरणार होतं. आई, पारूबाई, कोयनानगरला एकट्या असत. कायम झालो की खोली करून तिला सांगलीला आणायचं, एवढं तो माझ्याजवळ बोलला होता. स्वतःच्या इच्छेबद्दल तो बोलल्याचं मला हे एकच वाक्य आठवतं.

प्रोग्रॅम तयार असूनही तो पाठवत नव्हता. अजून एक चूक सापडली, अजून एक वही तपासायची राहिली, असं जानेवारीभर चाललं. समिती गुरुवारी होती. आधीच्या रविवारी निरोप आला की पारूबाई पडल्या, मांडीचं हाड मोडलं, साताऱ्याला दवाखान्यात आणलंय. मिलिंद सोमवारी पहाटे ग्रंथालयात आला, फक्त एक कागद माझ्या हातात द्यायला.

“काका, बुधवारी पहाटे तुम्हीच पाठवा. मी मंगळवारपर्यंत आलो तर आलोच. नाहीतर गुरुवारी थेट मुलाखतीला येतो. सगळं पाठवणीच्या कप्प्यात ठेवलंय. या कागदावर पायऱ्या लिहिल्यात.”

“मला जमेल का?”

“जमेल. तुम्ही सावकाश करता, म्हणून जमेल.”

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी मी पाचलाच जाऊन दिवा लावून बसलो. कागदावर सात पायऱ्या होत्या. पाचवी अशी: ‘वर्गाची ओळ यादीशी ताडून पाहा.’ मी माहितीचं पान उघडलं. वर्गाच्या ओळीत इंग्रजी अक्षरांत ‘कोयना’ लिहिलेलं होतं. भिंतीवरची यादी मी वरून खाली आणि खालून वर वाचली. कोयना नव्हतं. कसं असणार?

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते नीट सांगायचा प्रयत्न करतो, कारण सगळं तिथेच घडलं. मला वाटलं, या पोरानं विचार करून हा शब्द लिहिला आहे. जन्म तिथला, बाप तिथला, धक्के तिथले. जगातल्या साठ नावांत आपलं नाव नाही म्हणून त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. ते खोडून तिथे ‘भूशास्त्र’ लिहिणं मला सहज शक्य होतं. पण एकदा मी त्याचा शब्द खोडला होता, तो असाच, यादीत बसत नाही म्हणून. पुन्हा ते पाप करायचं नाही असं मी ठरवलं. ठरवल्यावर मला बरं वाटलं, हेही कबूल करतो.

शिवाय मी ग्रंथालयातला माणूस. आमच्याकडे वर्ग न समजलेलं पुस्तक आलं तर ते कोणी परत पाठवत नाही. ते एका ट्रेमध्ये ठेवतात. ग्रंथपाल सवडीनं बघतात, विचारतात, कधी नवा आकडाही पाडतात. परदेशातही असा ट्रे असणार, त्याच्यामागे चष्मा लावलेला कोणी माणूस असणार, असं मी धरून चाललो. त्या माणसासाठी मी आदल्या दिवशीच इंग्रजीत पत्र लिहून ठेवायला हवं होतं असं वाटलं, आणि मग शब्दकोश उघडून तिथेच चार ओळी लिहिल्या. कोयना हे आमच्याकडचं धरण आहे, तिथे भूकंप होतात, तरी आपल्या यादीत या नावाचा समावेश करण्याची कृपा व्हावी. ते पत्र आणि प्रोग्रॅम दोन्ही पाठवलं. सहाला दोन मिनिटं कमी असताना फोन तोडला.

संध्याकाळी पाचला साताऱ्याच्या बूथवरून मिलिंदचा फोन आला.

“गेलं का, काका?”

“गेलं. अगदी तू ठेवलंस तसं.”

“यादी पाहिलीत ना?”

“पाहिली.”

“बरं झालं. माझ्या जिवाला घोर लागला होता.”

आई कशी आहे असं मी विचारलं. ताप नाही म्हणाला. मागे कोणीतरी फोनसाठी घाई करत होतं. मी वर्गाच्या ओळीबद्दल बोललो नाही. त्यात बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

गुरुवारी साडेपाचला टपाल उतरवलं. भांडाराकडून एक पत्र होतं. मी पाठवल्यानंतर तिसऱ्याच मिनिटाला लिहिलेलं. तिसऱ्या मिनिटाला कोणता माणूस पत्र लिहील? ते यंत्रानंच लिहिलं होतं. त्यात लिहिलं होतं, की वर्ग ओळखता आला नाही, त्यामुळे संपूर्ण संच नाकारला आहे. यादीतला वर्ग घालून पुन्हा पाठवावे. माझ्या चार ओळींना काही उत्तर नव्हतं. ट्रे नव्हताच.

हे सगळं शब्दकोशातून नीट लावून घेईपर्यंत पावणेसहा वाजले. पंधरा मिनिटं उरली होती. ओळ बदलून पुन्हा पाठवलं असतं तर तिसऱ्या मिनिटाला स्वीकारल्याचं पत्र आलं असतं आणि मी ते छापून ठेवलं असतं. हे मला त्या दिवशी दुपारी उमगलं. त्या पंधरा मिनिटांत मी खुर्चीवर बसून होतो. मिलिंद येईल, त्याला विचारू, त्याच्या परवानगीशिवाय कसं बदलायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. सहाला नियमाप्रमाणे फोन तोडला. नियम मात्र माझ्याकडून कधी मोडला गेला नाही.

मिलिंद साडेनऊला आला. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, पण बसमध्ये चुरगळलेला. मी पत्र पुढे केलं. त्यानं उभ्यानंच वाचलं.

“वर्गाची ओळ बदलली नाहीत?”

“ते तू लिहिलं होतंस. मी खोडायचं नाही म्हटलं.”

तो खुर्ची ओढून बसला. “काका, तो वर्ग नव्हता. तो अडसर होता. पाठवणीच्या कप्प्यात जे असेल ते एका आज्ञेनं बाहेर जातं. मागे एका मुलाचं अर्धवट काम असंच कॉलेजच्या नावानं गेलं होतं. माझं चुकून जाऊ नये म्हणून यादीत नसलेला कुठलातरी शब्द घालून ठेवला. तिकडचं यंत्र अनोळखी शब्द दिसला की सगळंच परत करतं. म्हणून तर लिहिलं होतं, यादीशी ताडून पाहा.”

“मला वाटलं, तुला तेच नाव हवंय.”

“नाव काय करायचंय?”

“एकदा मी तुझ्या कार्डाच्या अर्जावर...” एवढंच बोलू शकलो.

त्याला कळायला क्षणभर लागला. “ते अजून आठवतं तुम्हाला?”

“हो.”

“मी विसरलो होतो,” तो म्हणाला.

त्यानं फोन जोडू देण्यासाठी मुख्य लिपिकांना विचारलं. फक्त दहा मिनिटं हवी होती. ते म्हणाले, प्राचार्यांच्या लेखी परवानगीशिवाय सहानंतर फोन नाही. प्राचार्य समितीबरोबर बसले होते. गुंडा पोह्यांच्या बशा घेऊन आत जात होता. मिलिंदनं त्याच्याबरोबर चिठ्ठी पाठवली. गुंडा बाहेर आला आणि मान हलवली. “मुलाखती झाल्यावर बघू म्हंत्यात.”

मुलाखत आठ मिनिटं चालली. दार पुरतं लागत नसे, आणि मी बाहेरच्या बाकावर होतो. पुण्याच्या प्राध्यापकांचा आवाज स्पष्ट येत होता.

“अहो, यात तर नाकारल्याचं लिहिलंय.”

“वर्ग ओळखता आला नाही म्हणून, सर. प्रोग्रॅममध्ये दोष नाही.”

“मग ओळखीचा वर्ग घालायला काय हरकत होती? यादी देतात ना ते?”

मी उठलो. आत जाऊन सांगायचं होतं, की साहेब, पाठवणारा मी, चूक माझी. दारापर्यंत पाच पावलं होती. मी तीन टाकली असतील.

“चूक माझी झाली, सर,” मिलिंद आत म्हणाला.

मी परत बाकावर बसलो. याहून जास्त काही मी केलं नाही. इतक्या वर्षांत अनेकदा मनात मी त्या दारातून आत गेलो आहे आणि अनेक वाक्यं बोललो आहे. त्या दिवशी एकही आलं नाही.

पद दुसऱ्याला मिळालं. मुलगा पदवीधर होता, कामालाही वाईट नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही तिघं सायकल स्टँडपाशी उभे होतो. गुंडा मिलिंदला हसवायला बघत होता.

“तुझ्या त्या मशिनीनं सायबाची कपबशी तरी हलवायची व्हती, गड्या! पायरी चार!”

मिलिंद हसला. तो गावात जाणाऱ्या रिक्षेत बसून गेल्यावर गुंडा माझ्या जवळ सरकला. “आवं अनंतराव, तुमी का तोंड पाडून बसलाय? त्या पदवीवाल्या पोराचं नाव आधीच टाइप झालं व्हतं. मी सोताच्या डोळ्यानं बघितलंय. कागुद आला असता, न्हाईतर न्हाई, येकच व्हतं.”

हे खरं की मला बरं वाटावं म्हणून, हे मी त्याला कधी विचारलं नाही. खरं असलं तर मिलिंदचं नशीब वाईट, आणि खोटं असलं तर माझी चूक. दोन्हीतलं काय पसंत करावं हे मला ठरवता आलेलं नाही.

त्या रविवारी मी साताऱ्याच्या दवाखान्यात पारूबाईंना पाहायला गेलो. पायाला वजन लावून झोपवलं होतं. मिलिंद औषध आणायला खाली गेला होता.

“तुमीच का ते पुस्तकवालं काका?” त्यांनी विचारलं. “लय सांगतोय तुमचं. बसा. ह्यो म्हंतोय कायम हुयाचा कागुद यायचाय. आवं, येतोय न्हवं?”

“येईल,” मी म्हणालो.

“येऊ दे सावकाश. कागुद मजी आमच्या धरणाचं पानी. वरनं सोडल्याबिगर खाली येत न्हाई. आमच्या मालकान्ला बी असंच. चौदा वर्सं लागली.” मग जरा थांबून म्हणाल्या, “सांगलीला ऊन लय आसतंय म्हंत्यात. मला सोसंल का?”

“सवय होते,” मी म्हणालो.

तेवढ्यात मिलिंद आला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मे महिन्यात त्याचा आदेश संपला. नवा निघाला नाही, कारण आता कायम माणूस आला होता. त्याआधी मी त्याला दोनदा म्हणालो, की आता तरी ओळ बदलून पाठवून दे, माझ्या समोर पाठव. पहिल्या वेळी तो “पाठवू,” म्हणाला. दुसऱ्या वेळी म्हणाला, “कुणासाठी, काका?” जगात कुठेतरी यंत्र नसलेल्या गावात कोणी लिहीत असेल, असं तोच म्हणायचा. ते मी त्याला परत ऐकवायला हवं होतं का? धीर झाला नाही. जूनमध्ये मागच्या खोलीतला संगणक बदलला आणि पाठवणीचा कप्पाही त्याच्याबरोबर गेला. मिलिंदकडे प्रत होती की नाही, मला माहीत नाही. वडिलांच्या वह्यांचं काय झालं तेही माहीत नाही.

त्याच जूनमध्ये मी निवृत्त होऊन साताऱ्याला आलो. मिलिंद तिथेच एका खासगी क्लासमध्ये शिकवायला लागला होता. पारूबाईंना कोयनानगरहून आणलं नव्हतं. चालायला लागल्या होत्या, पण काठी घेऊन. नव्याण्णवच्या डिसेंबरात त्याला कावीळ झाली. आधी गावठी औषध घेतलं, मग उशीर झाला. चार दिवसांत गेला. एकतीस वर्षांचा होता. मला पंधरा दिवसांनी, त्याच्या क्लासच्या दारावरची सूचना वाचून कळलं. पारूबाईंना भेटायला कोयनानगरला जायचं मी ठरवलं होतं. घाटाचा रस्ता, माझी पाठ, थंडी, असं करता करता राहिलं. नंतर त्या पलूसजवळ मुलीकडे राहायला गेल्या असं कोणीतरी सांगितलं. त्याला बहीण आहे हे मला तेव्हा कळलं.

त्याची माझी शेवटची भेट ऑक्टोबरात, साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर झाली. मी मेहुण्यांकडे वाईला निघालो होतो. तो पाटणची गाडी बघत उभा होता. बराच वाळला होता, पण तेव्हा ते मला उन्हामुळे वाटलं. खरं तर मी त्या दिवशी मुलाखतीच्या वेळचं त्याच्याशी बोलणारच होतो. वाक्यही तयार होतं. त्याच्या हातात आईसाठी घेतलेली औषधं होती आणि तो फलाटांवरच्या पाट्या वाचत होता.

“काका, चार नंबरला लागलीय वाईची.”

“जलद आहे का?”

“साधी दिसतेय. जलद साडेपाचला.”

“मग हीच बरी. बसायला मिळेल.”

“उजवीकडं बसा. डावीकडं वाईपर्यंत ऊन येईल.”

“बरं. तुझी गाडी?”

“येईल इतक्यात. तुम्ही चढा, भरेल नाहीतर.”

“येतो मग.”

“या, काका.”